स्वतंत्र सल्लागाराला ब्लॉगमधून ओळखी मिळतात का?

चष्मा_कुठाय (धागाकर्ता)
नोकरी सोडून सल्लागार झालो त्याला सहा वर्षं झाली. काम गोदामातल्या साठ्याच्या नियोजनाचं. सुरुवातीला परिषदा, मेळावे, व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे, सगळं केलं. त्यातून काम मिळालं एक, आणि त्याचेही पैसे बुडाले.

मग ब्लॉग सुरू केला. माल यायला लागणारे दिवस नुसत्या सरासरीने धरले आणि वर राखीव साठा ठेवला नाही, तर साधारण निम्म्या वेळा माल पोचायच्या आत फडताळ रिकामं होतं. ही चूक मी स्वतः केली होती, तीच तक्त्यासकट लिहिली. वाचक जेमतेम ९०. आठ महिन्यांनी एका अनोळखी बाईंची मेल: "तक्ता आमच्या आकड्यांवर चालवून पाहिला. तिसऱ्या रकान्यात घोळ आहे." घोळ होताच! आज त्या माझ्या सर्वात जुन्या क्लायंट आहेत. ओळखी वाढवायला ब्लॉगसारखं साधन नाही, हे माझं मत.

रोखठोक
असहमत. तीन वर्षं दर सोमवारी लिहिलं. वाचणारे कोण, तर माझ्याच धंद्यातले सल्लागार. "छान लेख" म्हणायचे आणि मुद्दे आपल्या प्रस्तावात घालायचे. ज्याच्या सहीने काम मिळतं तो ब्लॉग वाचत बसत नाही, फोन उचलून कुणाला तरी विचारतो. माझी सगळी कामं जुन्या सहकाऱ्यांकडून आली.

वाटसरू२
पण तो फोन कुणाला जातो? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचे आकडे दिलेत. ज्याच्यामुळे नोकरी लागली तो माणूस वारंवार भेटायचा असं म्हणणारे १७ टक्केही नव्हते. अधूनमधून म्हणणारे सुमारे ५६ टक्के, क्वचित म्हणणारे २८. जवळच्यांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला. लांबच्या ओळखी टिकवायच्या तर निमित्त लागतं; दोन वर्षांनी नुसतं "कसे आहात?" लिहिलं की समोरचा समजतो, याला काम हवंय.

रोखठोक
ते नोकरी बदलणारे, सल्लागार नव्हेत. आणि 'वेबलॉग', म्हणजे ब्लॉगचं मूळ नाव, हा शब्दच १९९७ चा. लांबच्या ओळखी कामी येतात हे मान्य, त्या ब्लॉगने होतात हे कुठे सिद्ध झालं?

अर्धविराम
जोएल स्पोल्स्की आणि जेफ ॲटवूड, दोघेही नावाजलेले ब्लॉगर. २००८ मध्ये मिळून स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट, काढलं.

रोखठोक
अहो, जे तरले तेच दिसतात. बुडालेले ब्लॉग मोजा की.

मौनीबाबा
धोक्याचं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. मी एका कामाबद्दल लिहिलं होतं. नाव, गाव, उत्पादन, सगळं बदललं. फक्त यंत्रांची संख्या तशीच राहिली: अकरा. त्या व्यवसायात अकरा यंत्रं असलेला कारखाना एकच होता. मालकांचा फोन आला, आवाज अजिबात चढला नव्हता. "लेख वाचला," एवढंच म्हणाले. लेख काढून टाकला, पण करार पुन्हा झाला नाही. गोपनीयतेचं कलम मी वाचलं होतं हो, आकडाही ओळख पटवतो हे डोक्यात आलं नाही.

वाटसरू२
बापरे. हे मात्र +१.

चष्मा_कुठाय (धागाकर्ता)
मौनीबाबा, म्हणूनच मी फक्त स्वतःच्या चुका लिहितो, त्याही दोन कामं एकत्र कालवून, वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर. रोखठोक, तुमचा सोमवारचा नेम मला कधीच जमला नाही. वर्षाला पाच-सहा लेख होतात. लेखातला प्रश्न ज्यांनी मला कधी विचारला होता, अशा तिघा-चौघांना दुवा मेल करतो.

रोखठोक
मग याला ब्लॉग कशाला म्हणता? पत्रव्यवहार झाला हा.

चष्मा_कुठाय (धागाकर्ता)
म्हणा. पण तिसऱ्या रकान्यातला घोळ ज्यांनी काढला, त्यांना मी दुवा पाठवलाच नव्हता.