गॅलरीतली बिडी आणि माझा पाचवा महिना

सिडकोत वन बीएचके. सासरे, आमचे अण्णा, सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेत. सकाळच्या चहाबरोबर बिडी लागतेच. गॅलरीत ओढतात, पण धूर थेट ओट्यापाशी येतो. “खिडकी उघडी आहे ना,” म्हणतात. माणूस प्रेमळ हो, कालच माझ्यासाठी पंचवटीतून पेरू आणले. खिडकीने भागतं का? आणि सांगू कसं?

— खिडकी, पंखा, एक्झॉस्ट, कशानेच भागत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, निकोटिन वारेतून बाळापर्यंत जातं. वजन कमी भरायचा धोका वाढतो. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य हाही गैरसमजच.

— मी बोलून थकले होते. शेवटी सासऱ्यांनाच सोनोग्राफीला सोबत नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. आता खाली पारावर जातात, आल्यावर शर्ट बदलतात. (नवऱ्याचं मात्र कोणी ऐकलं नव्हतं!)

— सोडायची असेल तर १८००-११-२३५६, सरकारी हेल्पलाइन, फुकट.

— मूळ प्रश्नवाली: गुरुवारी तपासणी आहे. “अण्णा, येता का सोबत?” विचारलं. आत्तापासूनच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.