न्यूमोकोकलची लस सरसकट सगळ्या बाळांना द्यायला हवी का?

निरंजन_क
मी लशींच्या विरोधात नाही, पण या एका लशीवर जेवढा भर दिला जातो तेवढा मला पटत नाही. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूचे जवळपास १०० उपप्रकार आहेत. २००० साली अमेरिकेत आलेली पहिली संयुग्म लस (जिवाणूची शर्करा प्रथिनाला जोडून केलेली) त्यातल्या फक्त ७ प्रकारांवर होती. ती सुरू झाली आणि तिच्यात नसलेला १९ए हा प्रकार वाढला. मग २०१० मध्ये १३ प्रकारांची लस, आता १५ आणि २० प्रकारांच्या. एकाला हाकललं की दुसरा येऊन बसतो, ही शर्यत कुठवर? न्यूमोनिया बळावतो तो कुपोषणाने, घरातल्या धुराने, दाटीवाटीने. आधी तिकडे लक्ष द्या.

लेकीची_आई
माझ्या लेकीला दहाव्या महिन्यात याच जिवाणूचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) झाला. आमच्या घरात धूर नव्हता, ती अंगावरचं दूध पीत होती, वजन उत्तम होतं. सकाळी ताप, रात्री झटके. ती वाचली, पण दोन्ही कानांनी ऐकू येणं गेलं. लशीचा एकही डोस झाला नव्हता, कारण "ऐच्छिक आहे, नंतर बघू" असं आम्हाला सांगितलं गेलं आणि आम्ही ते ऐकलं. धूर आणि कुपोषण हटवाच, पण तोवर बाळांनी थांबायचं का?

निरंजन_क
ताई, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या लेकीच्या बाबतीत मी वाद घालणार नाही. माझा प्रश्न सगळ्यांसाठीच्या धोरणाचा आहे.

बालरोग_डॉ
धोरणाचंच बोलू. १९ए वाढला हे खरं. पण तो वाढूनही लहान मुलांमधला रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पोचणारा एकूण न्यूमोकोकल आजार लशीपूर्वीपेक्षा खूपच खाली राहिला. १३ प्रकारांच्या लशीत १९ए घेतल्यावर तोही उतरला.

शिवाय हा जिवाणू मुलांच्या नाकाघशात मुक्काम करतो आणि तिथूनच घरभर पसरतो. लशीमुळे तो मुक्कामच कमी होतो. म्हणून तर लस बाळांना दिली आणि आजार आजीआजोबांमध्येही घटला.

कुपोषणाच्या मुद्द्यावर आफ्रिकेतल्या गांबिया देशातली चाचणी बघा. २००५ मध्ये निष्कर्ष आले. १७ हजारांवर बाळं, गरीब ग्रामीण भाग. ९ प्रकारांची लस मिळालेल्या गटात कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू १६ टक्क्यांनी कमी होते. परिस्थिती तीच, फरक फक्त लशीचा. तुम्ही म्हणता ती कारणं जिथे सगळ्यात जास्त, तिथेच लशीने सगळ्यात जास्त जीव वाचतात.

साधा_प्रश्न
मोठ्यांची २३ प्रकारांची लस आधीपासून आहे ना? तीच बाळांना का देत नाहीत?

बालरोग_डॉ
त्या लशीत जिवाणूच्या आवरणातली नुसती शर्करा असते. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर तिला नीट दाद देत नाही. संयुग्म लशीत ती शर्करा प्रथिनाला जोडलेली असते, म्हणून प्रतिकारशक्तीला ती ओळखता येते. आणि सर्वाधिक धोका त्याच वयात.

निरंजन_क
गांबियाचं मला माहीत नव्हतं. गरीब भागासाठी लस हवीच, हे मी मान्य करतो. पण ब्रिटनने जानेवारी २०२० पासून बाळांचे डोस तीनाचे दोन केले. मग बाकीच्यांनी तीन का द्यायचे?

बालरोग_डॉ
तिथे वर्षानुवर्षं बहुतेक सगळ्या बाळांना लस मिळत होती, त्यामुळे लशीतले प्रकार समाजात फारच कमी उरले होते. जिथे ते अजून नाकानाकात आहेत तिथे पहिल्याच वर्षात पुरेसं संरक्षण लागतं. तिथे डोस कमी करायची घाई मला धोक्याची वाटते.

निरंजन_क
म्हणजे कुठले प्रकार फिरताहेत हे सतत तपासत राहावं लागणार. लस देऊन मोकळं होता येणार नाही, एवढा मुद्दा मी सोडत नाही.

बालरोग_डॉ
सोडूही नका. प्रकार ३ हा १३ प्रकारांच्या लशीत असूनही तिला फारसा बधत नाही, हे अशा देखरेखीतूनच कळलं.