उंबऱ्याशी थांबलेलं पाणी देवाचं, मग माळ्यावर चढलेलं कुणाचं?

शिरगावकर:
काल चिपळूणच्या पुरावर एक पोस्ट वाचली: ‘22 जुलै 2021 च्या पुरात पाणी आमच्या उंबऱ्याला टेकलं आणि तिथूनच मागे फिरलं. रोजची पूजा फुकट जात नाही, देव भक्ताला सोडत नाही.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. डोकंच फिरलं.

त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीयेवर दरड आली. 80 हून जास्त माणसं गेली. तिथे देव्हारे नव्हते? आषाढी दोनच दिवसांपूर्वी झाली होती, उपास काय फक्त तुमच्याच घरी असतात? उंबऱ्याचं श्रेय देवाला देताय ना, मग चिपळूण बाजारपेठेत दुकानांच्या माळ्यापर्यंत गेलेल्या पाण्याचा जाबही त्यालाच विचारा. त्याला थांबवता आलं नाही, नाहीतर थांबवायचं नव्हतं. तिसरी वाट असेल तर दाखवा.

शास्त्री_गुहागर:
प्रश्न तुम्हाला काल पडला म्हणून नवा होत नाही. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप घेतलाय, की ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. उत्तरही तिथेच आहे: तो जिवाच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच, भात उगवेल की जव हे बियाणं ठरवतं. आधी वाचा, मग डोकं फिरवून घ्या.

शिरगावकर:
पुराच्या गोष्टीत पावसाचाच दाखला सापडला तुम्हाला! तान्ह्या पोराचं कर्म कुठलं, तर मागच्या जन्मीचं. छान. ना साक्षीदार, ना कागद. जानेवारी 1934 मध्ये बिहारला भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले होते की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. टागोरांनी जाहीर विरोध केला. गांधीजींचा हेतू चांगलाच होता, पण ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही होतेच ना?

माई_सावर्डे:
मी सहसा लिहीत नाही. माझी मुलगी तापाने गेली, दुसरीत होती. तेराव्याला एक नातेवाईक आले आणि मला हेच पूर्वजन्मीचं समजावू लागले. चहा पीत होते. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. सासूबाईंनी नंतर बरंच ऐकवलं, ते असो.
देवापुढे दिवा मी आजही लावते. का, ते शिरगावकरांनी विचारू नये आणि शास्त्रीबुवांनी सांगू नये.

पागनाका_वकील:
देवाला कशाला कोर्टात खेचताय? कोयना धरणाचं वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायचं ठरलंय. ते पोफळी, कोळकेवाडीच्या वीजघरांतून आपल्या चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतच उतरतं. त्या रात्री किती सोडलं, हा खरा प्रश्न.

गाळ_काढा_आधी:
आले कोयनावाले! अहो, नदीचं पात्र गाळाने उथळ झालंय, पलीकडून खाडीची भरती, वर सह्याद्रीवर तो पाऊस. पाणी जाणार कुठे? 2005 च्या 26 जुलैलाही बुडालोच होतो.

पागनाका_वकील:
गाळ मलाही दिसतो. पण गाळ म्हटलं की कुणाला सही करावी लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. माझं घर पूररेषेत गेलं. वर एक खोली चढवायची तर परवानगी नाही. हेही पूर्वजन्मीचं का हो शास्त्रीबुवा?

गाळ_काढा_आधी:
तुमच्या खोलीसाठी हा धागा काढलेला नाही.

चाकरमानी_लालबाग:
दोघेही गप्प बसा. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटलं, 20 हून जास्त माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. आणि त्या वेळचे जलसंधारण मंत्री काय म्हणाले? खेकड्यांनी धरण पोखरलं! आपल्याकडे देव, कर्म आणि खेकडा, यातलं कुणी ना कुणी मिळतंच. आमच्या गावात मात्र मंदिराला ग्रॅनाइट बसवायची वर्गणी दर मे महिन्यात न चुकता मागायला येतात. गावातली आजारी बाई अजून डोलीतून रस्त्यापर्यंत आणतात. मी गेल्या मे महिन्यात दिली नाही, तर यंदा शिमग्याला पालखी माझ्या दारावरून न थांबता पुढे गेली.

शास्त्री_गुहागर:
पालखी नेणारी माणसं होती. तो रागही देवाच्याच नावावर का?

चाकरमानी_लालबाग:
मग पूर अडवणारा तरी देव कशावरून? तोही माणसांच्याच नावावर घ्या की.

नाखवा_वेंगुर्ला:
तुमी सगळे भायरचो देव घेवन भांडतास. आमच्या आरवलीच्या वेतोबाक चामड्याची वहाणा व्हातत. रातचो गावाच्या शिमेर फिरता, म्हणान ती झिजतत. आता सांगा, ज्येची वहाणा झिजतत तो सर्वशक्तिमान कसो? तो राखणदार. चलान चलान दमता, एखादो कोपरो चुकता. म्हणान तर आमी गाऱ्हाणा घालतो, त्येका आठवण करून देतो, कधी झाडतोव. जगाचो मालक तो न्हय, मग त्येच्यार खटलो कसलो?

शिरगावकर:
हे शास्त्रीबुवांपेक्षा बरं आहे, कबूल. दमलेल्या देवाशी माझं भांडण नाही. पण मग त्या उंबरेवाल्याला सांगा, वेतोबा त्या रात्री त्याच्याच दारात उभा होता आणि तळीयेत पोचला नाही, हे चारचौघांत मिरवण्यासारखं नाही.

शास्त्री_गुहागर:
वेतोबा राखणदार आहे, परब्रह्म नाही, हे मीही सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. आणि शंका घ्यायला नास्तिकच व्हावं लागतं असं नाही. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली. माझ्यापुरता देव मेला, असं म्हणायलाही ते कचरले नाहीत, आणि विठ्ठलाला सोडलंही नाही. माईंना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. शिरगावकरांना द्यायला आहे, पण त्यांना ते नकोच आहे.

शिरगावकर:
तुकोबांनी देवाला जाब विचारला, तुम्ही त्याचं वकीलपत्र घेताय. फरक आहे.

माई_सावर्डे:
शास्त्रीबुवा, एवढं पहिल्याच उत्तरात लिहिलं असतंत तर?

पागनाका_वकील:
वकीलपत्राचा विषय निघालाच आहे तर, विसर्गाच्या नोंदी मागायचा अर्ज मी टाकतोय. कोण सह्या करतंय?

गाळ_काढा_आधी:
करतो सही. पण अर्जात गाळ पहिल्या कलमात हवा. आणि 67.5 टीएमसी हा वर्षाचा आकडा आहे वकीलसाहेब, एका रात्रीचा नव्हे. तेवढं नीट लिहा, नाहीतर पहिल्याच टेबलावरून परत पाठवतील.