मदत हवी आहे : मित्रांना दाखवायला डॉक्युमेंट्री सुचवा की

नमस्कार मंडळी, सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, बरेचजण पॉवरलूमवर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात कामाला, आणि रविवारी एकाच्या घरी टीव्हीवर सगळे मिळून पिक्चर बघतो. मला डॉक्युमेंट्रीचा लई नाद आहे म्हणून आता त्या दाखवायला लागलोय.

राहुल जैनची मशीन्स (२०१६) मला फार आवडते. गुजरातमधला कापडाचा कारखाना आहे, निवेदन जवळपास नाहीच, नुसता यंत्रांचा आवाज आणि कामगारांचे थकलेले चेहरे, मध्येच कोणीतरी शिफ्टबद्दल, कर्जाबद्दल बोलतं. आपल्या सोलापूरकरांनी तर बघायलाच पाहिजे. आनंद पटवर्धनांची जय भीम कॉम्रेड (२०११) पण मनात आहे, मुंबईतल्या रमाबाई नगरात १९९७ ला दलितांवर झालेल्या पोलीस गोळीबारावरची, शाहिरांची गाणी जबरदस्त, पण ती जवळपास तीन तासांची, म्हणून नंतर.

अडचण अशी की काहीजणांच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी-हिंदी चांगलं कळतं पण इंग्रजी सबटायटल वाचत बसणं जमत नाही. तर मराठी किंवा हिंदीतल्या, तासाभराच्या, कामगार-विणकरांवरच्या कुठल्या आहेत? रीतसर कुठं बघायला मिळतात तेही सांगा. तुम्ही स्वतः बघून आवडलेल्याच सांगा प्लीज, नुसती यादी नको.