व्हिस्लरचं रात्रीचं चित्र कुणाकुणाकडे होतं?

साताऱ्याची पोर: परवा औंधचं म्युझियम बघून आले, तेव्हापासून डोक्यात हेच, चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं ते कळतं कसं? चित्रकार व्हिस्लरचं लंडनच्या बॅटरसी पुलाचं निळं ऑइल पेंटिंग मला फार आवडतं, खाली होडीवर एकटा माणूस, पलीकडे आतषबाजीचे सोनेरी ठिपके. ते लंडनच्या टेट गॅलरीकडे कसं आलं?

जुनापेठकर: आधी विल्यम ग्रॅहम या संग्राहकाकडे होतं. १८७८ ला व्हिस्लरने कलासमीक्षक रस्किनवर केलेल्या बदनामीच्या खटल्यात कोर्टात दाखवलं. मग १८८६ ला क्रिस्टीजच्या लिलावात आलं तर लोकांनी चक्क हुर्यो उडवली, वाचून मला अजून वाईट वाटतं. १९०५ ला नॅशनल आर्ट कलेक्शन्स फंडाने घेऊन देशाला दिलं.

कृष्णाकाठ: ताई, चित्राची पाठ बघायची! लिलावाचे नंबर, लेबलं, फ्रेमवाल्याचा शिक्का, सगळं तिथंच असतं. २०१९ च्या पुरात सांगलीत आमच्या आजोबांच्या तसबिरीमागचा कागद पार लगदा झाला, चित्र वाचलं पण कुणी दिलं होतं ते कायमचं गेलं. घरी जुनं काही असेल तर मागच्या बाजूचा फोटो आजच काढून ठेवा.

साताऱ्याची पोर: दादा, आत्ताच माळ्यावरची फ्रेम उतरवली, मागे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, मोडीत वाटतंय. कुणाला वाचता येईल का?