मदत हवी आहे : आपत्ती आराखड्यात अपंग रहिवाशांना कसं सामील करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीचा आपत्ती आराखडा नव्याने करायचं काम आम्हा काही जणांकडे आलं आहे. जुन्यात अपंगांबद्दल एकच ओळ आहे : 'अपंग व वृद्धांना प्राधान्याने बाहेर काढावे.' कोणी, कसं, कुठे, काहीच नाही.

चौथ्या मजल्यावरच्या एक ताई बॅटरीची व्हीलचेअर वापरतात. आगीत लिफ्ट वापरायची नाही, म्हणजे जिनाच. त्यांनी आम्हाला दाखवलं, की घाईत लोक खुर्चीचा हात किंवा पाय ठेवायची पट्टी धरून उचलायला जातात आणि नेमके तेच भाग निसटतात. बरं, बॅटरीसकट खुर्ची इतकी जड, की ती जिन्याने नेणं अवघडच. "मला खाली आणाल, पण खुर्ची वरच राहिली तर मी पुढे जाऊ कशी?" हा त्यांचा प्रश्न. जिन्यावरून घसरत उतरवायची खास खुर्ची मिळते असं कळलंय. कोणी वापरली आहे का? दोन माणसं किती सरावाने तयार होतात?

दुसरी अडचण यादीची. कोणाला काय मदत लागते हे लिहून ठेवायला हवं, पण एकट्या राहणाऱ्या अपंग माणसाचा पत्ता भलत्या हाती गेला तर? शिवाय माणसं घर बदलतात, तब्येत बदलते. यादी कोणाकडे ठेवता आणि किती दिवसांनी तपासता?

भोंगा ऐकू न येणाऱ्यांसाठी लुकलुकणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारं यंत्र सुचवलं गेलंय. नकाशा फोटो म्हणून पाठवला तर दृष्टिहीनांचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो वाचत नाही, म्हणून बाहेर पडायचा मार्ग शब्दांत लिहितो आहोत. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र) असलेल्यांसाठी वीज गेल्यावर भरलेला सिलिंडर पुरेसा, की इन्व्हर्टरही हवा?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं कलम ११ आपत्तीतल्या संरक्षणाबद्दलच आहे. आपत्तीचा धोका कमी करण्यासाठीच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय सेंडाई आराखड्यातही अपंग व्यक्तींना नियोजनात सहभागी करून घ्या असं म्हटलंय. आमच्या बैठकीला मात्र त्या ताईंखेरीज कोणी येत नाही. पुढची बैठक तळमजल्यावर ठेवली आहे, सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचाही शोध चालू आहे. आणखी काय करावं?

आणि मॉक ड्रिलमध्ये ताईंना प्रत्यक्ष उतरवून बघावं, की आधी खुर्चीत वजन ठेवून सराव करावा? ताई स्वतः तयार आहेत, मलाच धास्ती वाटते. तुम्ही स्वतः अपंग असाल तर तुमचं मत आधी हवंय.