मालवणची बोट: छोटी की मोठी?

सी-५०१:
मंडळी, दिवाळीत गच्चीवर फराळाला बोलणं झालं होतं ते आता पक्कं करूया. जानेवारीत मालवण, त्यातला एक दिवस बोटीवर. दोन-तीन ठिकाणी थांबायचं, पोहायचं, स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं) करायचं, जेवायच्या वेळेला किनाऱ्यावर. आतापर्यंत २२ नावं आली आहेत. एका बोटवाल्याने मोठ्या बोटीचा दर दिलाय. सगळे एकत्र, माणशी बराच स्वस्त. कळवून टाकू का?

ए-३०१ काकू:
अरे थांब, इतक्यात कळवू नकोस. माझं माहेर मालवणातल्या दांडीचं, घरासमोरच किनारा. सिंधुदुर्ग किल्ला बघायला मोठी बोट ठीक आहे, बसलं की थोड्या वेळात उतरतो. पण पाण्यात उतरायचं असेल तर २२ जण एका बोटीत मला मान्य नाही. आठ, फार तर नऊ-दहा. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, होडीवर आणि एक पोहणारा खलाशी तुमच्याबरोबर पाण्यात. त्याला सारखी डोकी मोजता आली पाहिजेत.

बी-६०३:
पण काकू, सगळे एकत्र जाण्यातच मजा आहे ना? नाहीतर ग्रुप कशाला?

ए-७०५:
मी काकूंच्या बाजूने. गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या लोकांबरोबर असंच गेलो होतो. कोणाकडून, ते इथे लिहीत नाही. तीसेक माणसं आणि मास्क मोजके. एकाच्या तोंडातली नळी काढायची, समुद्रात बुचकळायची, दुसऱ्याच्या तोंडात द्यायची. पाण्यात बिस्किटांचा चुरा टाकला, मासे जमले, फोटो निघाले, "चला, पुढचे!" माझा नंबर लागला तेव्हा खाली नुसता गाळ उठलेला, कारण आधीचे सगळे खडकावर पाय रोवून उभे राहिले होते. पैसे गेले त्याचं काही नाही, पण ते बघून वाईट वाटलं.

ए-३०१ काकू:
अगदी हेच मला सांगायचं होतं. ज्याला हे लोक खडक समजून उभे राहतात, त्यातलं बरंचसं प्रवाळ असतं, जिवंत. गोल गोट्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढलं तरी पुष्कळ. एका टाचेखाली कित्येक वर्षांची वाढ जाते. मालवणचं हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. घरी शोकेसमध्ये ठेवायला म्हणून कोणी काही उचलायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

सेक्रेटरी:
मध्येच लिहितो, माफ करा. उद्या सकाळी १० ते १ गच्चीवरच्या टाक्यांची सफाई. पाणी भरून ठेवा. चालू द्या तुमचं.

सी-२०२ काका:
मला पोहता येत नाही. वय ६८. मी यावं का, की किनाऱ्यावर बसावं? खरं सांगा, भिडेखातर हो म्हणू नका.

ए-३०१ काकू:
या तुम्ही. स्नॉर्केलिंगला पोहण्यापेक्षा तरंगणं जास्त लागतं. अंगात जाकीट, हातात रिंग, रिंगेची दोरी खलाशाकडे. चेहरा पाण्यात घालायचा आणि तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा. पहिली दोन मिनिटं छाती धडधडते, ती सगळ्यांचीच. नळीत पाणी आलं तर जोरात एक फुंकर, निघून जातं. ही फुंकर आधी आपल्या क्लबहाऊसच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून करून बघा. तिथे जमलं तर समुद्रात जमेल. नाही जमलं तर होडीवर बसा, त्यात काही कमीपणा नाही.

बी-१०४ डॉक्टर:
काका, तुमचं बीपी आणि गेल्या वर्षीचा ईसीजी घेऊन रविवारी या, बघून सांगतो. बाकीच्यांसाठी: दमा असेल, सर्दीने कान बंद असतील तर पाण्यात उतरायचं नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी मला विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आदल्या रात्री दारू नाही. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क ऑनलाइन दिसतात, ते घेऊ नका. आपलीच सोडलेली हवा त्यात साचून राहू शकते आणि घाईच्या वेळी ते पटकन निघत नाहीत. डोळे आणि नाक झाकणारा साधा मास्क आणि वेगळी नळी, एवढंच.

बी-६०३:
माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याच्या मापाचं जाकीट मिळतं का तिथे?

ए-३०१ काकू:
मिळतं, पण विचारून ठेवावं लागतं. वयावर जाऊ नकोस, वजनावर बघ. जाकीट घातल्यावर खांद्याला धरून वर उचल. ते हनुवटीच्या वर, कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, बदलून घे. पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि मोठ्यांनीसुद्धा जाकीट किनाऱ्यावरच घालून बक्कल लावायचं. मांडीखाली घेऊन बसायचं नाही.

ए-७०५:
हे वाक्य वर पिन करा कोणीतरी. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघे गेले. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीचं काय झालं ते तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

ए-३०१ काकू:
हो. म्हणून होडीवर चढायच्या आधी बाजूवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचायची. परवाना प्रवासी वाहतुकीचा लागतो, मासेमारीचा चालत नाही. तो विचारायला लाजायचं नाही. मागच्या बाजूला शिडी आहे का बघायचं, कारण पाण्यातून परत वर चढणं हेच सगळ्यात अवघड. दमलेल्या माणसाला नुसत्या हाताने काठावरून ओढून घेता येत नाही.

सी-५०१:
काकू, तारीख कुठली धरू? २६ जानेवारीची सुट्टी जोडून येते.

ए-३०१ काकू:
सुट्टी नंतर बघ, आधी तिथी बघ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, तळाची वाळू ढवळून निघते. खाली काही दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढ-उतार कमी, ओढ कमी, पाणी निवळ. भरतीची वेळ काढायचा आपला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईचा, मालवणला त्याच्या थोडं आधी. म्हणजे पहाटे भरती आणि दुपारी बाराच्या आत ओहोटी. आपल्याला हवं तसंच.

सी-५०१:
हवं तसं म्हणजे?

ए-३०१ काकू:
सविस्तर लिहिते. सकाळी सातला दांडीवरून निघायचं. तेव्हा मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि पाणी एकदम सपाट. अकरानंतर खारा वारा सुरू होतो, लाट उठायला लागते आणि दुपारी तर परतताना सगळे भिजतात. म्हणून स्नॉर्केलिंग पहिल्यांदा. सिंधुदुर्गाच्या तटाबाहेरच्या बाजूला, वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा माझा भाऊ त्या दिवशी बघून ठरवेल, होडी त्याचीच. त्याला आधी विचाराल तर एकच उत्तर मिळतं, "वारो बघून सांगतंय." तेच बरोबर आहे. नांगर वाळूवर टाकायचा, प्रवाळावर नाही, हे त्याला सांगावं लागत नाही, पण दुसरी होडी घेतली तर तुम्ही सांगा.

पाणी अंदमानासारखं निळंशार नसतं, ही अपेक्षा ठेवून येऊ नका. हिरवट असतं, चांगल्या दिवशी तीन-चार मीटर खालचं दिसतं. पण तेवढ्यात पुष्कळ आहे. पिवळसर पाठीवर काळे उभे पट्टे असलेले छोटे मासे थव्याने येतात. पोपटमासा खडक खरवडतो, त्याचा आवाज पाण्यात कानाला ऐकू येतो. कपारीत गोबरा मासा बसलेला असतो, नुसतं तोंड बाहेर. तुम्ही हातपाय मारलेत की आत जातो. काही न करता वर तरंगत राहिलात तर पुन्हा हळूच पुढे येतो, आधी ओठ, मग डोळा, मग कल्ले हलताना दिसतात. बिस्किटं टाकायची गरजच नाही. मोठ्या घोळक्यात हे कधी दिसत नाही, म्हणून मी छोट्या होडीसाठी एवढा हट्ट धरतेय.

सी-२०२ काका:
वाचूनच यावंसं वाटतंय.

बी-१०२:
मग त्यापेक्षा सरळ अंदमानच करूया का? तिथल्या जॉली बॉय बेटाला वंडूरहून बोट जाते, प्लास्टिकची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत, प्रवाळ पाण्याच्या वरूनच दिसतं. आम्ही करून आलोय, अप्रतिम आहे.

सी-५०१:
अप्रतिम आहेच, पण विमानाचं भाडं आणि आठवड्याची रजा २२ जणांना एकदम जमणार नाही. मालवण शनिवार-रविवारला एक दिवस जोडून होतं. अंदमान वेगळं ठरवू. प्लास्टिकचा नियम मात्र आपणही पाळूया, स्टीलच्या बाटल्या.

बी-६०३:
काकू, स्नॉर्केलिंगनंतर कुठे?

ए-३०१ काकू:
पद्मगड. दांडीसमोरचं छोटं बेट, महाराजांच्या आरमाराची जहाजं तिथे दुरुस्त व्हायची. आता पडके तट आणि वेताळाचं देऊळ आहे. मोठी ओहोटी असली तर दांडीवरून वाळूतून चालत जाता येतं. आपण होडीने. खडकांच्या मध्ये शांत पाणी आहे, मुलांना डुंबायला छान. पायात रबरी बूट हवेत, खडकांवर कालवं असतात, तळवा कापतो.

तिथून दक्षिणेला तारकर्लीच्या बाहेरून देवबागच्या संगमाकडे. वाटेत डॉल्फिन दिसले तर इंजिन हळू करून लांबून बघायचे, पाठलाग नाही. संगमावर कर्ली नदीच्या तोंडाशी लाटा फुटतात. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असताना समोरून लाट आली की होडी आपटते. साडेअकराच्या सुमाराला पाणी थांबतं, तेव्हा आत घेता येतं. भाऊ नाही म्हणाला तर नाही. मागे फिरून दांडीला यायचं आणि रिक्षाने देवबागला जायचं. त्यावर कोणी वाद घालायचा नाही.

आत खाडीत वाळूचं बेट आहे, २००४ च्या त्सुनामीनंतर वर आलं असं लोक सांगतात, म्हणून नाव त्सुनामी आयलंड. ओहोटीला उघडं पडतं. तिथे आता दुकानं आणि पाण्यावरच्या स्कूटरी आहेत. पाय मोकळे करा, चहा घ्या, पण पोहू नका, स्कूटरवाल्याला पाण्यातलं डोकं दिसत नाही. पोहायचं ते पलीकडे भोगव्याला, किनाऱ्यालगत आणि नदीच्या मुखापासून चांगलं लांब. मुखाजवळ ओढ असते, तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

ए-७०५:
निवतीच्या पलीकडे समुद्रात ती दीपगृहाची बेटं आहेत ना? तिकडे पण नेतील का?

ए-३०१ काकू:
नको. ते आत खोल समुद्रात आहे, लहान मुलं आणि काका बरोबर असताना तर नाहीच. शिवाय तिथल्या गुहांत पाकोळी पक्ष्यांची घरटी आहेत, लोकांनी तिकडे गर्दी करू नये असं माझं मत आहे.

बी-१०२:
चष्मेवाल्यांचं काय? मला उणे चार आहे.

बी-१०४ डॉक्टर:
मास्कच्या आत चष्मा बसत नाही, कडेने पाणी येतं. नंबरचा मास्क मिळतो, आत्ताच मागवा. लेन्स घालून समुद्रात नको, डोळ्याला संसर्गाची भीती असते. मिशी असेल तर मास्क थोडा गळतो, वरच्या ओठावर व्हॅसलिन लावा.

ए-३०१ काकू:
आणि उन्हासाठी क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घ्या. पाठ भाजत नाही आणि क्रीम पाण्यात उतरत नाही. सकाळी पोटभर नाश्ता नको, केळं पुरे. होडीवर मी मालवणी खाजा देईन, त्यातल्या आल्याने पोटाला बरं वाटतं. दीड वाजता वहिनीकडे जेवण, सुरमईचं कालवण आणि सोलकढी. शाकाहारी किती ते सांगा, काळ्या वाटाण्याची आमटी करायला लावते.

बी-६०३:
म्हणजे सगळे एकत्र जेवायला तरी असू?

ए-३०१ काकू:
असू की. ऐक, असं करू. पाण्यात उतरणारे किती ते मोज. भावाची एक होडी, चुलतभावाची एक. अर्ध्या तासाच्या अंतराने निघतील आणि वेगवेगळ्या जागी थांबतील, म्हणजे एका ठिकाणी गर्दी होणार नाही. ज्यांना पाण्यात जायचं नाही त्यांनी सकाळी किल्ला करावा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघा, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. १६६४ ला काम सुरू झालं, तीन वर्षांत उभा राहिला. तो घाईत बघण्यासारखा नाही, दोन तास द्या.

सी-५०१:
मोजले. पाण्यात १७, किल्ल्याला ५. होड्या ९ आणि ८. मोठ्या बोटवाल्याला नाही कळवतो. अष्टमीला लागून शनिवार येतोय तो धरला, सुट्टी सोडली. कुडाळपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, मी आणि ए-७०५ दोघेही लॅपटॉप घेऊन बसतो. नाव, वय, बर्थ आज रात्रीपर्यंत पाठवा. मास्कचा नंबर आणि मुलांचं वजनही.

बी-६०३:
मुलगा २२ किलो. आम्ही तिघं, पाण्यात.

बी-१०२:
दोन. एक पाण्यात, एक किल्ल्याला. दोघेही शाकाहारी.

सी-२०२ काका:
एक. वय ६८, खालचा बर्थ. पाण्यात, डॉक्टरांनी हो म्हटलं तर. तलावात सराव करायला उद्या संध्याकाळी सहाला कोण येतंय?

ए-७०५:
मी येतो काका. माझ्याकडे नळी आहे, तुमच्यासाठी नवीन आणतो.